ओव्यांची वही

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा कार्यकारिणीतील भगिनींनी ‘मंडळाच्या जुन्या दप्तराविषयी काहीतरी’ लिहावयाचे काम माझ्याकडे सोपविले. मी पुष्कळ वर्षे मंडळाची चिटणीस होते, तेव्हा दप्तरात काय आहे ते मला ठाऊक असावयाचे, असा त्यांचा समज. समज खरा आहे. परंतु दप्तरात काय नाही, हेही मला ठाऊक आहे. आणि जे नाही ते माझ्याच हातून गेलेले आहे. म्हणून तीच गोष्ट आधी सांगते. त्या चुकीमुळे मी पुढे या विषयावर पुष्कळ वाचले, आणि जे वाचले ते आपणा सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

१९८७ सालच्या श्रावणात आपल्या मंडळाने जात्यावरच्या ओव्या उतरवून घेण्याचा उपक्रम केला होता, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. पिठाची गिरणी येऊन पुष्कळ वर्षे लोटली होती आणि घरोघरची जाती परसात किंवा माळ्यावर पडली होती. तरी सत्तरी ओलांडलेल्या बायकांना ओव्या येत होत्या. मौज अशी, की नुसते बसवून ‘सांगा’ म्हटले की त्यांना एकही आठवू नये. मग माझ्या सासूबाईंनीच तोड काढली. त्यांनी माळ्यावरचे जाते खाली उतरवावयास लावले, मूठभर जोंधळे त्यात घातले आणि खुंट्याला हात घातला. हात फिरू लागताच ओवी आली, आणि तिच्यामागून दुसरी, तिसरी. त्या महिन्याभरात दोनशे पानी वही भरली. सहाशेच्या वर ओव्या झाल्या. प्रत्येक ओवीच्या समासात गाणारणीचे नाव, तिचे माहेर आणि तिला ती कोणाकडून आली, हे मी लिहीत असे. ही शिस्त मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षबाईंनी घालून दिलेली होती. मला ती जरा जाचच वाटे.

१९९९ साली आमच्या पुतण्याने घरी संगणक आणला. मी हौसेने मराठी टंकलेखन शिकले आणि दोन महिने खपून सारी वही त्यात उतरविली. वेळ वाचावा म्हणून समासातली नावे मात्र गाळली. ओवी महत्त्वाची, नाव काय करावयाचे, असे मला तेव्हा वाटले. तीन फ्लॉप्या भरल्या. पुढच्या पावसाळ्यात वहीला ओल लागली, पाने एकमेकांना चिकटली, आणि त्या दिवाळीच्या साफसफाईत मी ती वही रद्दीत घातली. सर्व काही संगणकात आहे, मग हे जुने बाड कशाला, असा माझा विचार. काही वर्षांनी मंडळाच्या एका कार्यक्रमासाठी ओव्या हव्या होत्या म्हणून फ्लॉप्या काढल्या. एक मुळी उघडलीच नाही. दोन उघडल्या, पण पडद्यावर मराठीचे एक अक्षर दिसेना. इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि टिंबे यांची नुसती खिचडी. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या.

आपल्या हातून झाले तसे इतरांच्या हातून झाले आहे काय, आणि ज्यांनी जपले त्यांनी कसे जपले, हे मी तेव्हापासून शोधीत आले.

स्त्रियांच्या ओव्या जपण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. साने गुरुजींनी खेडोपाडीच्या मायबहिणींच्या ओव्या जमवून ‘स्त्री जीवन’ या नावाने प्रसिद्ध केल्या. डॉ. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे म्हणून त्यांवर ग्रंथ लिहिला. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या वतीने खंडामागून खंड काढले. ही पुस्तके आजही ग्रंथालयात मिळतात आणि कोणाही साक्षर बाईला उघडून वाचता येतात, ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु छापील पुस्तकाला एक मर्यादा असते. त्यातील ओव्या एकाच क्रमाने लावता येतात. विषयवार लावल्या तर गाववार सापडत नाहीत, आणि गाववार लावल्या तर एकाच विषयावरच्या ओव्या शंभर ठिकाणी विखुरतात. शिवाय पुस्तकाला आवाज नसतो.

यापुढची पायरी पुण्यातून गाठली गेली. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर हे दोघे १९८० नंतरच्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेच्या कामात होते. बायकांच्या मनातले जाणून घ्यावयाचे तर त्यांच्या ओव्या ऐकल्या पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांनीच आपापल्या गावच्या ओव्या उतरविल्या. हे काम वीस वर्षांच्या आसपास चालले आणि महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बंधू, माहेर, सासुरवास, सीतेचा वनवास, पंढरीचा विठोबा, आणि बीड जिल्ह्यातील माजलगावसारख्या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर, असे सर्व विषय त्यांत आहेत.

इतक्या ओव्या कागदावर ठेवून भागण्यासारखे नव्हते. १९९० नंतरच्या दशकात बर्नार बेल हे फ्रेंच संशोधक या कामात आले. ते मूळचे अभियंते, आणि संगीताचा संगणकाच्या साहाय्याने अभ्यास करणारे. त्यांनी ओव्यांसाठी संगणकावर नोंदसंग्रह, म्हणजे ज्याला आता सगळे डेटाबेस म्हणतात तो, उभा केला. आणि १२० तासांच्या आसपास गायन ध्वनिमुद्रित केले. या संग्रहात प्रत्येक ओवी ही एक स्वतंत्र नोंद आहे. तिच्याबरोबर गाणारणीचे नाव, गाव, तालुका आणि विषयाचा क्रमांक जोडलेला आहे. हे विषयांचे वर्गीकरण फार बारकाईने केलेले आहे. मोठा विभाग, त्यात पोटविभाग, त्यातही पुन्हा लहान कप्पे, आणि प्रत्येकाला अक्षर व आकडा. त्यामुळे एकच ओवी हवी तशी काढता येते. एका बाईच्या सर्व ओव्या काढा, एका गावच्या काढा, किंवा सीतेच्या वनवासाच्या मुळशीतल्या ओव्या आणि मराठवाड्यातल्या ओव्या शेजारी ठेवून पाहा. फडताळातला डबा एका वेळी एकाच फळीवर राहतो. ही नोंद जणू सर्व फळ्यांवर एकाच वेळी असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. यंत्र हे सारे आपोआप करते असे नाही. ओवीत राघू म्हणजे लेक आणि मैना म्हणजे मुलगी, हे संगणकाला काय ठाऊक? त्याच्याकडे ‘मुलगी’ हा शब्द शोधावयास दिला तर मैनेची ओवी तो सोडूनच देणार. बोलीही गावोगाव निराळी. एकच शब्द चार ठिकाणी चार तऱ्हांनी उच्चारला जातो आणि तसाच लिहिला जातो. म्हणून प्रत्येक ओवी वाचून, तिचा अर्थ लावून तिला योग्य कप्प्यात घालण्याचे काम माणसांनीच केले. संगणकाने सोय केली ती ठेवण्याची आणि काढण्याची. समज माणसाची, आणि ती बहुतांशी बायकांची.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. गी पॉइतवँ २००४ साली वारले, हेमाताई २०१० साली गेल्या. अशा प्रसंगी संग्रहाचे काय होते ते आपण जाणतोच. कपाटाला कुलूप लागते आणि किल्ली कोणाकडे हे विचारावयास कोणी उरत नाही. येथे तसे झाले नाही, कारण संग्रह एका घरात ठेवलेला नव्हता. तो गुरुग्राम येथील संगीतविषयक संशोधनाच्या अभिलेखागारात ठेवला गेला, आणि पुढे बेल यांनी तो फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हांस येथील ध्वनी व भाषा यांच्या संग्रहालयात नेला. तेथे तो दीर्घकाळ माहिती जपण्याच्या एका पद्धतीचा नमुना ठरला. ही पद्धत मूळची अवकाश संशोधन करणाऱ्या संस्थांनी आखलेली; उपग्रहांनी पाठविलेली माहिती पन्नास वर्षांनीही वाचता यावी म्हणून. २००३ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. चांदण्यांची माहिती जपण्याकरिता काढलेली युक्ती आपल्या आयाबायांच्या ओव्यांच्या कामी आली, हे वाचून मला गहिवरून आले. पुढे २०१७ साली ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हे काम हाती घेतले. त्यांच्या लोकांनी जुन्या नोंदी पाहून पुन्हा त्या त्या गावी जाऊन गाणारणींचा शोध घेतला. गाठ पडली त्यांची चित्रे घेतली, त्यांच्या कहाण्या लिहिल्या. आज आपण घरबसल्या त्या ओव्या ऐकू शकतो. हे शक्य झाले, कारण प्रत्येक ओवीशेजारी नाव आणि गाव लिहिलेले होते. माझ्या फ्लॉपीत ते नव्हते.

संगणकाच्या साहाय्याने वाङ्मयाचा अभ्यास करण्याचा आरंभ मात्र याच्याही पुष्कळ आधीचा आहे, आणि त्यातही बायका आहेत. इटलीतील रोबेर्तो बूसा हे ख्रिस्ती धर्मगुरू संत थॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन ग्रंथांचे अभ्यासक. ‘इन’ या एका लहानशा शब्दाचा शोध घेण्यासाठी त्यांनी हाताने दहा हजार चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. सर्व शब्दांचे असे करावयाचे तर आयुष्य पुरणार नाही, म्हणून ते १९४९ साली अमेरिकेत जाऊन आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. कंपनीने साहाय्य केले. त्या काळी यंत्राला मजकूर द्यावयाचा तो जाड कागदाच्या पत्त्यांवर भोके पाडून. मिलानजवळच्या गाल्लाराते गावी हे काम चाले. एकीने भोके पाडावयाची आणि दुसरीने तोच मजकूर पुन्हा ताडून पाहावयाचा, अशी रीत. काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. एक कोटीहून अधिक शब्दांची ती सूची ५६ जाड खंडांत छापली गेली आणि १९८० साली पुरी झाली. पुढे ती सीडीवर आली आणि २००५ पासून इंटरनेटवर आहे. पत्ते गेले, फिती गेल्या, सीडीही जुन्या झाल्या; मजकूर मात्र दर खेपेस नव्या भांड्यात काढून ठेवला गेला म्हणून टिकला. बूसा ९७ वर्षे जगले आणि त्यांचे नाव जगभर झाले. यंत्रांपुढे बसलेल्या मुलींची छायाचित्रे शिल्लक आहेत. परंतु त्यांतील कितीतरी मुलींची नावे त्या वेळी कोणी टिपून ठेवली नाहीत. अलीकडच्या काळात संशोधकांनी त्यांतील काहींना त्यांच्या म्हातारपणी गाठून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. तेथेही ओवी राहिली आणि समास गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. १०८६ साली तेथल्या विल्यम राजाने साऱ्या मुलखाची पाहणी करवून जमीन, गुरे, गिरण्या यांची नोंद कातड्याच्या पानांवर करविली. तिला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवी पाहणी केली. दहा लाखांच्या आसपास लोकांनी, त्यांत पुष्कळ शाळकरी मुलांनी, आपापल्या गावची माहिती आणि चित्रे पाठविली. ती सारी दोन मोठ्या चकत्यांवर साठविली. त्या चकत्या वाचावयास खास यंत्र लागे. पंधरा वर्षांच्या आत ती यंत्रे दुर्मिळ झाली आणि नव्या पाहणीचे वाचन अडले. लीड्स व मिशिगन या विद्यापीठांतील संशोधकांनी खटपट करून २००२ साली ती माहिती नव्या संगणकावर उघडून दाखविली. विल्यम राजाचे कातड्याचे पुस्तक मात्र लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात आजही वाचता येते. यावरून संगणक वाईट असा अर्थ काढू नये. कातडे ज्याच्या त्याच्या डोळ्यांना वाचता येते, चकतीला मध्ये यंत्र लागते, आणि ते यंत्र चालू ठेवणे किंवा मजकूर दुसरीकडे नेणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावे लागते. ते काम कोणाचे, हे १९८६ साली पुरते ठरलेले नव्हते.

आता माझ्या खिचडीकडे वळते. तिचा उलगडा माझ्या पुतण्याच्या मुलीने केला. ती म्हणाली, “आजी, तुझ्या ओव्या गेल्या नाहीत, त्या नुसत्या चुकीच्या वेषात आहेत.” संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. पूर्वी मराठीसाठी जे टंक मिळत, त्यांत इंग्रजी अक्षरांचेच आकडे वापरून त्यांवर देवनागरीचे चित्र बसविलेले असे. टंक असेपर्यंत मराठी दिसे; टंक गेला की खालचे इंग्रजी उघडे पडे. त्यातही प्रत्येक टंकाची मांडणी निराळी. यावर उपाय म्हणून जगातल्या साऱ्या लिप्यांना कायमचे आकडे देणारी युनिकोड ही पद्धत १९९१ साली आली. तीत ‘क’ या अक्षराचा आकडा २३२५. तो पुण्यात, परभणीत आणि पॅरिसमध्ये एकच. परंतु घरोघरच्या संगणकांत तिच्यातले देवनागरी रुळावयास पुढे कित्येक वर्षे लागली आणि मी त्याआधीच टंकून मोकळी झाले होते. त्या मुलीने जुन्या टंकाचे आकडे नव्या आकड्यांत बदलणारी सोय शोधून काढली. रफार आणि जोडाक्षरे बिघडली होती ती आम्ही दोघींनी बसून एकेक सुधारली. चारशे दहा ओव्या परत आल्या. तिसऱ्या फ्लॉपीतल्या आल्या नाहीत.

ओव्या परत आल्या तेव्हा मला फार आनंद झाला, हे खरे. पण रात्री त्या वाचीत बसले आणि मनात आले, यांतल्या सासूबाईंच्या कोणत्या? शेजारच्या काकूंच्या कोणत्या? भावाची वाट पाहणारी ती ओवी कोणी म्हटली होती? मला सांगता येईना. एका ओवीवर तर आम्ही जुन्या तिघीजणी अडून बसलो. मी म्हणे ही सासूबाईंची, दुसरी म्हणे ही माझ्या आईची. निवाडा करणारी वही रद्दीवाल्याकडे गेलेली. ओवी कोणाची का असेना, गोडच लागते. पण जिने ती म्हटली तिच्या नावाने उरलेली बहुधा ती एकच गोष्ट असावयाची. सातबाऱ्यावर तिचे नाव नव्हते, दारावरच्या पाटीवर नव्हते. वहीच्या समासात होते, ते मी पुसले.

म्हणून या वर्धापनदिनी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपल्या सभासदांत ओव्या येणाऱ्या आता दोघीच उरल्या आहेत. एकीचे वय नव्वदीच्या घरात आहे. त्यांच्याकडून जेवढे मिळेल तेवढे या वर्षीच घ्यावे. जाते माझ्याकडे आहे, ते मी मंडळात आणून ठेवते. आवाज मुद्रित करावा, ओव्या युनिकोडमध्ये टंकाव्या, आणि प्रत्येकीपुढे नाव, गाव, माहेर व तारीख लिहावी. ज्या चारशे दहा ओव्या परत आल्या, त्यांतली कोणाची कोणती हे या दोघींना विचारून पाहावे. जेथे खात्री नाही तेथे तसे स्पष्ट लिहावे. त्याच्या तीन प्रती कराव्या. एक मंडळात, एक एखाद्या सभासदाच्या घरी, एक परगावी. एक प्रत चांगल्या कागदावर छापून बांधून ठेवावी. दर वर्धापनदिनी एका भगिनीने सर्व प्रती उघडून पाहाव्या आणि इतिवृत्तात तशी नोंद करावी. या कामासाठी दरवर्षी थोडी रक्कम अंदाजपत्रकात निराळी काढावी. हळदीकुंकवाच्या खर्चातून दोन पैसे वाचविले तरी भागेल. काम फार मोठे नाही, परंतु ते कोणाचे आहे हे ठरलेले असले पाहिजे.

या वर्षी ते माझे समजावे. हातात बळ आहे तोवर मी करीन. पुढच्या वर्षासाठी आतापासूनच एखादीने नाव द्यावे. आणि नाव देणारीने ते वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहावे, एवढीच विनंती.